लिनक्स व्हीएममधून नेटवर्क शेअर सुरक्षितपणे जोडताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली उत्तरं उबुंटू, डेबियन आणि रेड हॅट घराण्यातल्या व्हीएम (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे दुसऱ्या यंत्राच्या आत चालणारं आभासी यंत्र) डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. नेटवर्क शेअर म्हणजे सर्व्हरवरची डिरेक्टरी, जी नेटवर्कवरून वापरता येते. समोरचा सर्व्हर विंडोजचा असो, सांबाचा (लिनक्सवरून एसएमबी शेअर देणारा प्रोग्राम) असो की नासची (नेटवर्कवरच्या साठवणीची) पेटी, बहुतेक गोष्टी सारख्याच लागू होतात. आदेश, ऑप्शन आणि फायलींची नावं उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टाइप करताना मॅन पानावरचं मूळ स्पेलिंग घ्या.

एसएमबी वापरावं की एनएफएस?

दोन्ही शेअर जोडण्याचे प्रोटोकॉल: एसएमबी विंडोजच्या जगातला, एनएफएस युनिक्सच्या. वेगावरून ठरवू नका. ओळख कोण पटवतं ते आधी बघा. एसएमबीमध्ये सर्व्हर पासवर्ड किंवा केर्बेरॉसचं (मध्यवर्ती ओळख-पडताळणीचं) तिकीट मागतो. साध्या एनएफएसमध्ये, म्हणजे ऑथ-सिस पद्धतीत, क्लायंट जो यूआयडी (युजरचा क्रमांक) सांगेल तो सर्व्हर मुकाट्याने मान्य करतो. व्हीएमवर रूट (सर्वाधिकारी युजर) मिळालेला कोणीही १००१ यूआयडीचा युजर तयार करून खऱ्या १००१ च्या फायली वाचू शकतो. 'रूट स्क्वॉश' चालू आहे म्हणून निर्धास्त राहणारे बरेच असतात, पण तो फक्त शून्य यूआयडीला ६५५३४ या अनामिक युजरवर ढकलतो. बाकीच्या यूआयडींना तो हातही लावत नाही.

म्हणून सोपा नियम असा: व्हीएमचं रूट तुमच्याशिवाय इतरांकडेही असेल तर साधा एनएफएस नको. एसएमबी ३ घ्या, नाहीतर केर्बेरॉससकट एनएफएस ४.

पासवर्ड एफएसटॅबमध्येच लिहिला तर काय बिघडतं?

एफएसटॅब (काय काय जोडायचं त्याची यादी असलेली फाइल) सगळ्या युजरना वाचता येते, तिची परवानगी ६४४ असते आणि तशीच असावी लागते. त्यात पासवर्ड लिहिणं म्हणजे चावी कुलपालाच टांगून ठेवणं. माउंट (शेअर डिरेक्टरीवर जोडण्याच्या) आदेशासोबत थेट दिलेला पासवर्डही तितकाच उघडा: तो शेलच्या हिस्टरीत राहतो आणि आदेश चालू असेपर्यंत प्रोसेसच्या यादीत इतरांना दिसू शकतो.

वेगळी क्रेडेन्शियल फाइल करा. ईटीसीखाली सांबासाठी वेगळी डिरेक्टरी, मालक रूट, डिरेक्टरीला ७००, फाइलला ६००, म्हणजे फक्त मालकालाच वाव. फाइलमध्ये तीन ओळी: युजरनेम, पासवर्ड, डोमेन. प्रत्येक ओळीत नाव, बरोबरचं चिन्ह आणि मूल्य, मध्ये जागा न सोडता. एफएसटॅबमध्ये फक्त 'क्रेडेन्शियल्स' ऑप्शनपुढे या फाइलचा पत्ता.

इथे तीन बारीक चुका वारंवार होतात. पासवर्डला अवतरण चिन्हं लावली तर ती पासवर्डचाच भाग धरली जातात. ओळीच्या शेवटी राहिलेली रिकामी जागाही तशीच. आणि फाइल विंडोजवर नोटपॅडमध्ये बनवून आणली असेल तर ओळ संपवणारं विंडोजचं जादा अक्षर सोबत येतं. डोळ्यांना काही दिसत नाही, पण सर्व्हर 'परवानगी नाही' म्हणत राहतो. कॅट आदेश '-ए' (कॅपिटल) जोडून चालवला की हे सगळं उघडं पडतं.

फाइल ६०० केली. आता काम झालं ना?

खऱ्या यंत्रावर बऱ्यापैकी झालं असतं. व्हीएमवर नाही, कारण व्हीएम आख्खी कॉपी होते. पासवर्डची फाइल आत असताना टेम्प्लेट (नव्या व्हीएम काढण्याचा साचा) बनवलं तर त्यातून निघालेल्या प्रत्येक क्लोनमध्ये तोच पासवर्ड जातो. स्नॅपशॉटमध्ये (व्हीएमच्या त्या क्षणाच्या प्रतीत) जातो, बॅकअपमध्ये जातो. डिस्कची फाइल ज्याच्या हाती लागली तो ती दुसऱ्या यंत्राला जोडून रूट म्हणून वाचतो. तिथे ६०० ला काही किंमत नाही. मेमरीसकट स्नॅपशॉट घेतला असेल तर चालू माउंटचा पासवर्डही त्यात असतो, कारण तुटलेली जोडणी पुन्हा जोडण्यासाठी कर्नल (लिनक्सचा गाभा) तो मेमरीत ठेवतो.

क्लाउड-इनिटच्या (पहिल्या बूटला व्हीएमची मांडणी करणाऱ्या प्रोग्रामच्या) युजर-डेटातून पासवर्ड देणं ही याचीच आणखी एक तऱ्हा. तो मजकूर व्हीएमच्या आत क्लाउडच्या डिरेक्टरीत शिल्लक राहतो, आणि बहुतेक क्लाउडवर मेटाडेटा सेवेकडून व्हीएममधली साधी प्रोसेससुद्धा तो मागून घेऊ शकते.

यावर उपाय:

- शेअरसाठी प्रत्येक व्हीएमला वेगळं सर्व्हिस खातं द्या. त्या खात्याला त्या एकाच शेअरवर हक्क असावा आणि सर्व्हरवर लॉगिन करता येऊ नये. एक व्हीएम फुटली तर एकच खातं बंद करावं लागतं.
- टेम्प्लेट करण्याआधी क्रेडेन्शियल फाइल, कीटॅब (केर्बेरॉसच्या किल्ल्यांची फाइल), एसएसएच होस्ट की आणि मशीन आयडी पुसा. व्हर्ट-सिसप्रेप हा सफाईचा आदेश यातलं बरंचसं करतो, पण तुम्ही स्वतः नाव दिलेली पासवर्डची फाइल तो ओळखेलच असं नाही.
- सिक्रेट मॅनेजर (पासवर्ड जपून ठेवणारी सेवा) असेल तर बूटच्या वेळी पासवर्ड रनखालच्या मेमरीतल्या डिरेक्टरीत उतरवा, माउंट करा, फाइल काढून टाका. जोडणी तुटली तर कर्नल मेमरीतल्या पासवर्डवर पुन्हा जोडून घेतो, फाइल लागत नाही. मात्र ऑटोमाउंटसोबत (लागेल तेव्हाच शेअर जोडणाऱ्या सोयीसोबत) हे जमत नाही, कारण त्याला फाइल दर वेळी लागते.

माउंट करताना नेमके कोणते ऑप्शन द्यावेत?

आधी सीआयएफएस-युटिल्स पॅकेज टाका (सीआयएफएस हे एसएमबीचंच जुनं नाव). मग एफएसटॅबच्या ओळीत:

'व्हर्स' (एसएमबीची आवृत्ती) ३.१.१. आवृत्ती न दिल्यास नवे कर्नल २.१ किंवा त्यापुढचं जे जमेल ते ठरवतात. ३.१.१ लिहिलं की त्याखाली उतरायला वावच राहत नाही. या आवृत्तीत सुरुवातीच्या बोलणीवर एसएचए-५१२ ची राखण असते, त्यामुळे मधल्या माणसाने (वाटेत वाहतूक अडवून बदलणाऱ्याने) आवृत्ती खाली ढकलण्याचा डाव टाकला तर तो पकडला जातो.

'सील'. हे दिलं तरच क्लायंट एन्क्रिप्शनचा आग्रह धरतो. सर्व्हरला ते जमत नसेल तर माउंट होत नाही, आणि तसंच व्हायला हवं.

'नोसुइड' (शेअरवरच्या प्रोग्रामला दुसऱ्या युजरचे हक्क मिळू नयेत म्हणून) आणि 'नोडेव्ह' (तिथल्या डिव्हाइस फायली चालू नयेत म्हणून) नेहमी. शेअरवरून प्रोग्राम चालवायचे नसतील तर 'नोएक्झेक'ही. फक्त वाचायचं असेल तर 'आरओ'. हा ऑप्शन लोक विसरतात आणि पुढे पस्तावतात.

'यूआयडी', 'जीआयडी' (ग्रुपचा क्रमांक), 'फाइल-मोड' ०६४०, 'डिर-मोड' ०७५०. डीफॉल्टवर सोडलं तर शेअर बहुधा रूटच्या नावावर ०७५५ ने उभा राहतो, म्हणजे व्हीएमवरच्या सगळ्यांना वाचायला मोकळा.

'नेटडेव्ह' आणि 'नोफेल'. पहिल्यामुळे नेटवर्क आल्यावरच माउंटचा प्रयत्न होतो. दुसऱ्यामुळे सर्व्हर बंद असला तरी व्हीएमचं बूट इमर्जन्सी मोडमध्ये अडकत नाही. पहिल्याच्या आधी अंडरस्कोअर असतो, तो विसरू नका.

फायलींची नावं मराठीत असतील तर 'आयओकॅरसेट' यूटीएफ८ आहे ना ते बघा, नाहीतर देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसते. उबुंटूच्या छोट्या क्लाउड इमेजवर हा ऑप्शन दिल्यावर ७९ नंबरची एरर आली, तर यूटीएफ८ चं मॉड्यूल कर्नलसोबत आलेलंच नाही. चालू कर्नलच्या आवृत्तीचं लिनक्स-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा पॅकेज टाका.

जुन्या नासला एसएमबी १ च लागतं. एका व्हीएमपुरतं चालू केलं तर?

नको. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर प्रोग्राम पसरला तो विंडोजच्या एसएमबी १ मधल्या छिद्रातून, पण लिनक्सच्या बाजूनेही या आवृत्तीत एन्क्रिप्शन नाही आणि मधल्या माणसापासून बचावाची सोय तोकडी आहे. सांबाने ४.११ पासून ते डीफॉल्ट बंद केलं आहे. लिनक्स कर्नलने ४.१३ मध्ये डीफॉल्ट आवृत्ती बदलली आणि ५.१५ मध्ये जुनाट एनटीएलएम व लॅनमॅन पडताळणी काढूनच टाकली.

आधी नासचं फर्मवेअर अपडेट करा. अनेक पेट्यांत एसएमबी २ किंवा ३ ची सोय असते, फक्त सेटिंगमध्ये कमाल आवृत्ती खाली अडकवलेली असते. काहीच जमत नसेल तर पेटीवरचा डेटा एसएफटीपी किंवा आरसिंकने हलवा आणि पेटीला निवृत्त करा.

एन्क्रिप्शन खरोखर चालू आहे हे कसं तपासायचं?

तीन ठिकाणी बघता येतं. प्रॉकमधल्या (कर्नलची माहिती दाखवणाऱ्या डिरेक्टरीतल्या) माउंट्स फाइलमध्ये त्या शेअरच्या ओळीत 'सील' आणि आवृत्ती दिसली पाहिजे. प्रॉक, एफएस, सीआयएफएसखालच्या डीबग-डेटा फाइलमध्ये सेशनची आवृत्ती आणि सील-साइनची स्थिती असते. सांबा सर्व्हरवर एसएमबीस्टेटस चालवला की एन्क्रिप्शन आणि साइनिंगचे वेगळे रकाने दिसतात.

कोणाला पुरावाच हवा असेल तर टीसीपीडंपने ४४५ पोर्टचे थोडे पॅकेट पकडा. एसएमबी २ आणि ३ च्या उघड्या संदेशाची सुरुवात एफई या बाइटने होते, एन्क्रिप्ट केलेल्याची एफडीने. जोडणीच्या सुरुवातीची बोलणी आणि लॉगिन उघड्यावरच होतं, त्यामुळे पहिले काही एफई दिसले तर घाबरू नका. शेअरमधली फाइल उघडल्यावरही एफईच येत असतील तर मात्र सील लागलेलंच नाही.

फक्त क्लायंटवर विसंबून राहू नका. सांबात 'सर्व्हर एसएमबी एन्क्रिप्ट'ला 'रिक्वायर्ड' आणि किमान प्रोटोकॉल एसएमबी ३. विंडोज सर्व्हरवर त्या शेअरच्या गुणधर्मांत डेटा एन्क्रिप्शन चालू. मग कोणी सील न लिहिता जोडायला गेला तरी उघडा डेटा बाहेर पडत नाही.

सील लावल्यावर वेग निम्म्यावर आला. काढून टाकू का?

काढण्याआधी व्हीएमच्या आत प्रॉकमधली सीपीयूइन्फो उघडा आणि फ्लॅग्समध्ये 'एईएस' (एन्क्रिप्शन प्रोसेसरमध्येच करण्याची सोय) आहे का बघा. नसेल तर दोष सीलचा नाही. केव्हीएमवर (लिनक्सच्या व्हर्च्युअलायझेशनवर) व्हीएमला क्यूईएमयू६४ किंवा केव्हीएम६४ असा साधा सीपीयू दिलेला असू शकतो, त्यात प्रोसेसरची एईएसची सोय आतपर्यंत पोचत नाही आणि सगळं एन्क्रिप्शन सॉफ्टवेअरमध्ये होतं. लिबव्हर्टमध्ये सीपीयू मोड 'होस्ट-पासथ्रू' करा, प्रॉक्समॉक्समध्ये प्रकार 'होस्ट'. व्हीएम पूर्ण बंद करून चालू करावी लागते, नुसता रीबूट पुरत नाही. होस्ट-पासथ्रूचा तोटा असा, की वेगळ्या पिढीच्या प्रोसेसरवर चालू व्हीएम हलवता येत नाही. क्लस्टर असेल तर एईएस असलेलं सामाईक मॉडेल निवडा.

फ्लॅग असूनही हळू असेल तर साइफर (एन्क्रिप्शनची पद्धत) बघा. ३.१.१ सोबत एईएस-जीसीएम ठरतो, ३.० वर सीसीएम, आणि सीसीएम हळू आहे.

एकाच व्हीएमवर चौघं काम करतात आणि सगळ्यांना सगळं दिसतं. असं का?

कारण सर्व्हरच्या लेखी ते चौघं नाहीतच. ज्या खात्याने माउंट केलं तो एकच माणूस आहे. लिनक्सवर दिसणारे मालक आणि मोड हे तुम्हीच ऑप्शनमधून रंगवलेले असतात. चौघांपैकी कोणी काय केलं हे सर्व्हरच्या लॉगमध्येही कधी कळणार नाही.

'मल्टियुजर' ऑप्शन द्या. माउंट कमीत कमी हक्काच्या खात्याने करा. मग प्रत्येकजण लॉगिन केल्यावर सीआयएफएसक्रेड्स आदेशाने स्वतःचा पासवर्ड कर्नलच्या कीरिंगमध्ये टाकतो आणि त्यापुढे त्याच्याच नावाने सर्व्हरशी बोललं जातं. ज्याने पासवर्ड टाकला नाही त्याला 'परवानगी नाही' मिळते. पॅमचं (लिनक्सच्या लॉगिन-पडताळणीचं) मॉड्यूल लावलं तर लॉगिनचाच पासवर्ड आपोआप जातो, पण दोन्हीकडचा पासवर्ड एकच असेल तरच. डोमेन असेल तर या खटाटोपापेक्षा केर्बेरॉस बरा.

केर्बेरॉस लावला, पण व्हीएम झोपेतून उठली की शेअर बंद. कशामुळे?

घड्याळ. केर्बेरॉसला डीफॉल्टने ५ मिनिटांपर्यंतचाच फरक चालतो. व्हीएम थांबवून दुसऱ्या दिवशी चालू केली की आतलं घड्याळ मागे राहिलेलं असू शकतं. क्रॉनीच्या (घड्याळ जुळवणाऱ्या सेवेच्या) नेहमीच्या सेटिंगमध्ये घड्याळ एकदम उडी मारून दुरुस्त करण्याची मुभा सुरुवातीच्या तीन वेळांपुरतीच असते. त्यानंतर ते हळूहळू सरकवलं जातं. व्हीएमवर 'मेकस्टेप'ची दुसरी संख्या उणे १ करा, म्हणजे ही मर्यादा उठते.

दुसरं कारण स्नॅपशॉट. ॲक्टिव्ह डिरेक्टरीला (विंडोजच्या मध्यवर्ती खातेव्यवस्थेला) जोडलेल्या यंत्राच्या खात्याचा पासवर्ड साधारण ३० दिवसांनी बदलतो. एसएसएसडी (लिनक्सला डोमेनशी जोडणारी सेवा) ते काम गुपचूप करतं. तुम्ही दीड महिन्यापूर्वीच्या स्नॅपशॉटवर परत गेलात की व्हीएममधला कीटॅब जुना आणि डोमेनमधला पासवर्ड नवा. केलिस्टने कीटॅबमधला आवृत्ती क्रमांक बघा, डोमेनमधल्याशी जुळत नसेल तर यंत्र पुन्हा डोमेनला जोडण्याला पर्याय नाही. क्लोनचीही हीच गत: एक क्लोन पासवर्ड बदलतो आणि बाकीचे बाहेर पडतात.

तिसरं, सर्व्हरचा आयपी पत्ता देऊन माउंट केलं असेल तर तिकीट मिळत नाही, कारण तिकीट नावावर निघतं. पूर्ण होस्टनेमच लिहा. १२६ नंबरची एरर आली तर कीयुटिल्स पॅकेज टाकलेलं आहे का आणि माउंट करणाऱ्या युजरकडे चालू तिकीट आहे का ते बघा.

एनएफएस सर्व्हरच्या एक्सपोर्ट्स फाइलमध्ये (कोणाला काय द्यायचं त्या यादीत) फक्त एका आयपीला परवानगी दिली आहे. तेवढं पुरे का?

व्हीएम नॅटमागे असेल तर सर्व्हरला दिसणारा पत्ता होस्टचा (व्हीएम चालवणाऱ्या यंत्राचा) असतो. तुम्ही एका व्हीएमला परवानगी दिली असं समजता. प्रत्यक्षात त्या होस्टवरच्या सगळ्या व्हीएमना आणि खुद्द होस्टला दिलेली असते. आयपीवर भरवसा ठेवायचाच असेल तर व्हीएम ब्रिजवर आणून तिला स्वतःचा पत्ता द्या.

नॅटचा आणखी एक त्रास. एनएफएस सर्व्हर डीफॉल्टने १०२४ च्या खालच्या पोर्टवरून आलेली विनंतीच स्वीकारतो, आणि नॅट पोर्ट बदलून वरचा देतो. माउंट नाकारलं जातं, लॉगमध्ये असुरक्षित पोर्टची तक्रार येते. 'इनसिक्युअर' लिहिलं की चालू होतं. नाव भीतीदायक असलं तरी त्याने फारसं बिघडत नाही. व्हीएमच्या रूटला खालचा पोर्ट वापरायला कोण अडवणार होतं?

एक्सपोर्ट्समधली रिकामी जागा मात्र खरोखर घात करते. पत्ता आणि कंसातले ऑप्शन चिकटूनच हवेत. मध्ये एक स्पेस पडली तर त्या पत्त्याला डीफॉल्ट, म्हणजे फक्त वाचण्याचा हक्क मिळतो, आणि कंसातला लिहिण्याचा हक्क उरलेल्या सगळ्या जगाला. बदल केल्यावर एक्सपोर्टएफएस '-व्ही' लावून चालवा. कुठेही 'वर्ल्ड' दिसलं तर आधी ते दुरुस्त करा.

एनएफएसचा डेटा तारेवर एन्क्रिप्ट होतो का?

आपोआप नाही. माउंटच्या 'सेक' ऑप्शनला केआरबी५ (केर्बेरॉस) दिलं तर फक्त ओळख पटते, केआरबी५आय दिल्यास मजकुरात फेरफार होत नाही याची खात्री मिळते, आणि एन्क्रिप्शन फक्त केआरबी५पी मध्ये. केर्बेरॉस उभारायचा नसेल तर एनएफएसवर टीएलएस (वेबसाइटांसाठी वापरतात ते एन्क्रिप्शन) हा नवा मार्ग आहे: क्लायंटला ६.५ किंवा पुढचा कर्नल, दोन्हीकडे केटीएलएस-युटिल्समधली टीएलएसएचडी सेवा, आणि माउंट करताना 'एक्सपीआरटीसेक'. त्यात टीएलएस दिलं तर क्लायंट फक्त सर्व्हरचं प्रमाणपत्र तपासतो. यंत्राचीही ओळख पटवायची असेल तर एमटीएलएस. युजरचा यूआयडी मात्र अजूनही क्लायंट सांगेल तोच.

फायरवॉलमध्ये काय उघडायचं?

एसएमबीला टीसीपी ४४५, बस. १३९ आणि १३७-१३८ ही जुनी नेटबायोसची दारं, ती बंदच ठेवा. एनएफएस ४ ला २०४९. एनएफएस ३ ला १११ आणि बाकीचे फिरते पोर्ट लागतात, ४ वर जायला तेवढं कारण पुरेसं आहे. व्हीएमच्या बाहेर जाणाऱ्या वाहतुकीवरही नियम लावा: ४४५ फक्त सर्व्हरच्या पत्त्याकडे, इतरत्र नाही.

माउंटच्या एररचा अर्थ कसा लावायचा?

स्क्रीनवरच्या ओळीपेक्षा डीमेसेजमधली (कर्नलच्या लॉगमधली) ओळ जास्त बोलकी असते, ती आधी वाचा. १३ म्हणजे नाव, पासवर्ड, डोमेन किंवा शेअरवरचा हक्क यांपैकी काहीतरी चुकलं. एन्क्रिप्शन सक्तीचं असलेल्या शेअरला ते न जमणारा क्लायंट भिडला तरीही १३ येऊ शकतो. २ म्हणजे शेअरचं नाव चुकलं. ११५ म्हणजे ४४५ पर्यंत पोचताच आलं नाही, फायरवॉल बघा. ११२ 'होस्ट बंद आहे' असं म्हणतो, पण होस्ट बहुतेक वेळा ठणठणीत असतो आणि आवृत्ती जुळलेली नसते.

अ‍ॅझूर फाइल्सचा (मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवरचा) शेअर क्लाउडमधल्या व्हीएमला जोडतो, घरच्या व्हीएमला नाही. असं का?

बरेच इंटरनेट पुरवठादार ४४५ पोर्ट अडवतात. व्हीपीएन घ्या, पोर्ट उघडून मागू नका.

त्याहून महत्त्वाचं: स्टोरेज अकाउंटच्या कीने माउंट केलं की ती की व्हीएमवर राहते, आणि त्या कीला एका शेअरपुरता नाही तर अख्ख्या स्टोरेज अकाउंटवर हक्क असतो. व्हीएमसाठी वेगळं स्टोरेज अकाउंट ठेवलं तर नुकसान तेवढ्यापुरतं राहतं. कीज दोन असतात त्या आलटून पालटून बदलण्यासाठीच: व्हीएम दुसऱ्या कीवर हलवा, मग पहिली बदला. प्रायव्हेट एंडपॉइंट (शेअरसाठी खाजगी नेटवर्कातला पत्ता) केला म्हणजे सार्वजनिक दार बंद झालं असं नाही, ते वेगळं बंद करावं लागतं. व्हीएममधून शेअरचं नाव एनएसलुकअपने विचारा. उत्तरात खाजगी पत्ता आला नाही तर वाहतूक अजून सार्वजनिक पत्त्याकडेच चालली आहे.

शेअर जोडलेला नसताना बॅकअप व्हीएमच्याच डिस्कवर पडला. हे कसं टाळायचं?

शेअर सुटलेला असताना माउंटची डिरेक्टरी व्हीएमवरची साधी डिरेक्टरी असते, स्क्रिप्ट तिच्यातच लिहू शकते. डिस्क भरते ते वेगळंच. गोपनीय फायली अशा ठिकाणी पडतात जिथे सर्व्हरचे हक्क लागू नाहीत, आणि नंतर शेअर वर बसला की त्या दिसतही नाहीत. शेअर उतरवून ठेवा आणि त्या रिकाम्या डिरेक्टरीवर सीएचअ‍ॅटर '+आय' (बदलाला बंदी घालणारा आदेश) चालवा. आता माउंट नसेल तर रूटलाही लिहिता येत नाही, स्क्रिप्ट तिथेच आपटते. सिस्टिमडीची सेवा असेल तर 'रिक्वायर्स-माउंट्स-फॉर' ओळही घाला.

पासवर्ड बदलला आणि खातं लगेच लॉक झालं. कोण धडकतंय?

जुना पासवर्ड मेमरीत असलेला कर्नल. जोडणी तुटली की तो जुनाच पासवर्ड घेऊन पुन्हा पुन्हा दार ठोठावतो. डोमेन कंट्रोलरवरचा ४७४० क्रमांकाचा इव्हेंट कोणत्या यंत्रामुळे खातं लॉक झालं ते सांगतो. यासाठी क्रम पाळा: आधी सगळ्या व्हीएमवर शेअर उतरवा, ऑटोमाउंटची युनिट थांबवा, मग सर्व्हरवर पासवर्ड बदला, क्रेडेन्शियल फाइल बदला, माउंट करा. नुसती फाइल बदलून चालू माउंटवर परिणाम होत नाही. शेअर 'व्यस्त आहे' म्हणत उतरत नसेल तर फ्यूजरने कोणती प्रोसेस अडकली आहे ते बघा आणि ती थांबवा. आळशी अनमाउंट, म्हणजे '-एल', इथे वापरू नका: डिरेक्टरी दिसेनाशी होते, पण अडकलेल्या प्रोसेससाठी जुनं सेशन मागे जिवंत राहतं आणि खातं पुन्हा लॉक होतं.